पाहुण्यांची ओळखपत्रं, फोन नंबर, दाराचे कोड: भाड्याच्या घरात ही माहिती कशी जपायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुट्टीसाठी दिवसांवर भाड्याने दिली जाणारी तीन घरं. काही बुकिंग संकेतस्थळांवरून येतात, काही थेट फोनवर. ओळखपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली जातात. दारांना कोडची कुलपं, घरात स्मार्ट टीव्ही आणि वाय-फाय, बाहेर कॅमेरा. साफसफाई आणि देखरेखीला चार माणसं. एका पाहुणीने निघताना विचारलं, "माझ्या पासपोर्टच्या फोटोचं आता काय करणार?" घरमालकांना उत्तर देता आलं नाही. आता ते विचारतात, की पाहुण्यांची माहिती सुरक्षित ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही, हे आधीच सांगतो. मी बरीच वर्षं अशी घरं चालवतो आहे आणि दुसऱ्यांच्या घरांची व्यवस्था तपासायलाही जातो. कुणी हॅकर हात धुऊन तुमच्याच तीन घरांच्या मागे लागलाय, असं क्वचित असतं. या धंद्यात माहिती चोरीला जाते त्यापेक्षा जास्त ती रोजच्या कामात सांडते. थोडी फोनच्या गॅलरीत, थोडी सफाईच्या ग्रुपवर, थोडी टीव्हीत, थोडी टेबलावरच्या वहीत. आणि ती कुणी पुसत नाही, कारण सांडली आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं. गेल्या आठवड्यातलं कुठलंही एक बुकिंग घ्या आणि त्या पाहुण्याचं नाव, नंबर आणि तारखा कुठे कुठे पोचल्या ते लिहून काढा. संकेतस्थळ, तिथून आलेला ईमेल, तुमचं व्हॉट्सअ‍ॅप, फोनची गॅलरी, गॅलरीचा क्लाउड बॅकअप, घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन, सफाईचा ग्रुप, कॅलेंडर, कुलपाचं अ‍ॅप, नोंदवही, हिशेबाची एक्सेल फाइल, राउटर, टीव्ही. एकाच मुक्कामाची यादी सहज पानभर होते. मग प्रत्येक ओळीपुढे दोनच गोष्टी लिहा: ही माहिती इथे कशासाठी आली, आणि इथून कधी जाणार. ज्या ओळीपुढे पहिल्याचं उत्तर सुचत नाही, तिथे माहिती जाणंच बंद करा. ज्या ओळीपुढे दुसऱ्याचं सुचत नाही, तिथे तारीख ठरवा. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या एका पानाचाच विस्तार आहे.

कोणती माहिती जास्त नाजूक, याचा अंदाज बऱ्याच जणांचा चुकतो. एकेकटी पाहिली तर नाव, पत्ता, तारखा या गोष्टी किरकोळ वाटतात. पण घरचा पत्ता आणि मुक्कामाच्या तारखा एका ठिकाणी आल्या की त्याचा अर्थ होतो: या पत्त्यावरचं घर या दिवसांत रिकामं आहे. नाव आणि दाराचा कोड एका संदेशात आले की तो संदेश म्हणजे किल्ली. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईचं नाव, नंबर आणि ती कोणत्या घरात उतरली आहे, हे तिघं एकत्र आले की त्याचा धोका वेगळा सांगायला नको. तेव्हा नियम असा ठेवा, की या जोड्या एका ठिकाणी येऊ द्यायच्या नाहीत. पत्ता लागत नसेल तर घेऊ नका. सफाई करणाऱ्याला तारखा लागतात, नाव लागत नाही.

आता ओळखपत्र. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

ओळखपत्र का मागता, असं विचारलं की "कायदा आहे" असं उत्तर येतं. बहुतेक ठिकाणी कायदा आहेही. पण तो नेमकं काय मागतो, हे फार कमी जणांनी वाचलेलं असतं. पाहुण्याची नोंद ठेवणं ही एक गोष्ट आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत साठवणं ही दुसरी. स्पेनचं उदाहरण घ्या. तिथल्या २०२१ च्या ९३३ क्रमांकाच्या शाही आदेशानुसार राहण्याची सोय देणाऱ्यांना पाहुण्यांचे बरेच तपशील सरकारला कळवावे लागतात. २ डिसेंबर २०२४ पासून हे बंधन प्रत्यक्षात लागू आहे. म्हणून तिथले घरमालक सर्रास पासपोर्टचे फोटो मागवू लागले. त्यावर तिथल्याच माहिती संरक्षण यंत्रणेने २०२५ मध्ये स्पष्ट केलं, की नोंदीसाठी लागणारे तपशील घ्या, पण त्यासाठी ओळखपत्राची पूर्ण प्रत मागणं हे गरजेपेक्षा जास्त आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वच ते आहे: कामाला लागेल तेवढंच घ्या. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच. तुमचं घर जिथे आहे तिथला नियम मूळ मजकुरात वाचा किंवा संबंधित कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. "सगळे घेतात" हा नियम नव्हे.

जिथे फक्त नोंद पुरते, तिथे पाहुणा आल्यावर ओळखपत्र हातात घेऊन बघा, चेहरा जुळवा, लागतील तेवढे तपशील नोंदवा आणि ते परत द्या. तुम्ही तिथे नसाल तर दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, पाहिलं, झालं. स्क्रीनशॉट घ्यायचा नाही. संकेतस्थळाने ओळख आधीच पडताळली असेल आणि तुमच्या भागातला नियम आणखी काही मागत नसेल, तर तेवढंही करू नका. "नुकसान केलं तर आपल्याकडे पुरावा हवा" असं बरेच जण म्हणतात. पण फुटलेल्या काचेची भरपाई पासपोर्टच्या फोटोने मिळत नाही. ती अनामत रकमेतून, बुकिंगच्या करारातून किंवा संकेतस्थळाच्या तक्रार प्रक्रियेतून मिळते.

जिथे प्रत खरोखर लागते, तिथे पाहुण्याला झाकलेली प्रत द्यायला सांगा. लागत नसतील ते आकडे झाकून, वर आडवं "अमुक घराच्या अमुक तारखेच्या मुक्कामापुरतं" असं लिहून. नेदरलँड्सच्या सरकारने तर यासाठी कोपीआयडी नावाचं अ‍ॅपच नागरिकांना दिलं आहे. त्यात प्रतीवरचा नागरिक क्रमांक झाकता येतो आणि कारण आणि तारीख आडवी छापता येते. अशी प्रत दुसऱ्याच्या हाती पडली तरी तिच्यावर कर्ज काढणं किंवा सिमकार्ड घेणं अवघड होतं. पाहुणा स्वतःहून अशी प्रत देत असेल तर कपाळाला आठ्या घालू नका. तो तुमचंच ओझं कमी करतोय.

हे ओझं किती असतं ते मोठ्यांच्या उदाहरणांत दिसतं. मॅरियट या हॉटेल कंपनीने ३० नोव्हेंबर २०१८ ला जाहीर केलं, की तिच्या ताब्यात आलेल्या स्टारवुड हॉटेलांच्या बुकिंग यंत्रणेत २०१४ पासून कुणीतरी शिरलेलं होतं. नंतरच्या मोजणीत असं निघालं, की त्यात सुमारे ५२ लाख पासपोर्ट क्रमांक उघडे, म्हणजे कूटबद्ध न करता ठेवलेले होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२० मध्ये १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. "ती केवढी कंपनी, आपली तीन घरं" असं वाटत असेल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीत काय झालं ते पाहा. तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा पथकाने सावध केलं, की हॉटेलांतून चोरलेले पासपोर्ट आणि ओळखपत्रांचे हजारो स्पष्ट स्कॅन बेकायदा बाजारात विकायला आले आहेत. त्यात साधी हॉटेलंही होती. जे स्कॅन ठेवलेच नव्हते ते कुणी चोरू शकलं नसतं.

आता तुमच्या फोनमध्ये साठलेल्या फोटोंचं. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश वाटेत कुणी वाचू शकत नाही हे खरं, पण दोन्ही टोकांना तो उघडाच असतो. फोटो आला की बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप गॅलरीत उतरतो, गॅलरी क्लाउडवर जाते, आणि तो क्लाउड घरातल्या टॅबवर किंवा टीव्हीवरही उघडलेला असतो. चॅट पुसली तरी गॅलरीतली प्रत राहते. गॅलरीतून पुसला तरी आयफोनवर तो ३० दिवस आणि गूगल फोटोजवर बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस कचरापेटीत पडून असतो. म्हणजे पुसायचं ते चार ठिकाणी: चॅट, गॅलरी, क्लाउड, कचरापेटी. आणि पुढे हे घडू नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आपोआप उतरणं आणि गॅलरीत दिसणं बंद करा. पाहुण्याला "एकदाच पाहा" या सोयीने फोटो पाठवायला सांगितलं तर आणखी बरं. आपोआप नाहीसे होणारे संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावता येतात, पण गॅलरीत उतरलेल्या प्रतीला ते लागू होत नाहीत, हे विसरू नका. शक्यतो धंद्याचा नंबर आणि फोनच वेगळा ठेवा. घरातली मुलं ज्या फोनवर खेळतात त्यात परक्या माणसांचे पासपोर्ट असू नयेत, एवढं साधं कारण पुरे आहे.

पुढचा मोठा विषय माणसांचा. सफाईच्या ग्रुपवर मी काय काय पाहिलं आहे सांगू? पाहुण्याचं पूर्ण नाव, नंबर, किती जण, सोबत लहान मूल, उशिरा येणार, दाराचा कोड अमुक. ग्रुपमध्ये काम सोडून गेलेली माणसंही तशीच. यातलं सफाईला काय लागतं? कोणतं घर, किती वाजता रिकामं, किती वाजता पुन्हा भरणार, किती चादरी. बस. "घर दोन, सकाळी अकरा, दुपारी तीन, चार चादरी, एक पाळणा" एवढा संदेश पुरतो. केअरटेकरला दार उघडून द्यायचं असेल तर पहिलं नाव द्या, बाकी नको. काम सोडणाऱ्याला त्याच दिवशी ग्रुपमधून, संकेतस्थळावरच्या सहकारी खात्यातून आणि कुलपाच्या अ‍ॅपमधून काढा. यात अविश्वास नाही. उलट पुढे काही घडलं तर संशयाची सुई त्या माणसावर जात नाही. हे त्यांना असंच समजावून सांगा, कुणी रागावत नाही.

चौघांत एकच लॉगिन वाटून वापरू नका. प्रत्येकाचं खातं वेगळं, त्याला लागतात तेवढेच अधिकार. बहुतेक संकेतस्थळांवर सहकाऱ्याला फक्त कॅलेंडर दाखवायची सोय असते, ती वापरा. पैसे खर्च करायचेच असतील तर पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपवर करा, आणि प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक कोड) लावा.

कॅलेंडरचंही एक बघा. दोन संकेतस्थळांवरची बुकिंग जुळावीत म्हणून आयकॅलचा दुवा देतात, म्हणजे एका ठिकाणचं कॅलेंडर दुसरीकडे दाखवणारा दुवा. तो दुवा ज्याच्याकडे आहे त्याला पासवर्डशिवाय ते कॅलेंडर वाचता येतं, आणि काही कॅलेंडरांत पाहुण्याचं नाव किंवा फोनचे शेवटचे आकडेही असतात. तो दुवा ग्रुपवर टाकला असेल तर नवा तयार करून जुना बंद करा.

दाराचा कोड पाहुण्याच्या फोनच्या शेवटच्या चार आकड्यांवर ठेवायची पद्धत फार पसरली आहे, लक्षात ठेवायला सोपी म्हणून. मला ती मुळीच पटत नाही. ज्याच्याकडे नंबर आहे त्या प्रत्येकाकडे किल्ली गेली, आणि शिवाय ते चार आकडे इतरत्र ओळख पटवायलाही वापरले जातात. कुलूप आपोआप वेगळा कोड बनवतं, तो घ्या. मुक्काम संपला की रद्द करा. कोड आणि पत्ता एकाच संदेशात पाठवू नका. पत्ता आधी, कोड पोचायच्या दिवशी. आणखी एक, कुलूप प्रत्येक उघडझापेची वेळ नोंदवतं. पाहुणे रात्री किती वाजता आले हे त्या नोंदीत दिसतं. गरज नसताना ती बघू नका, आणि "काल उशिरा आलात वाटतं" असं तर चुकूनही बोलू नका.

आता फोनवरचे प्रश्न. "माझी बहीण तुमच्याकडे उतरली आहे, तिला सरप्राइज द्यायचंय, कोणतं घर?" आवाज गोड असतो, गोष्ट खरी वाटते. उत्तर एकच: "इथे कोण राहतं हे आम्ही सांगत नाही. तुमचा निरोप द्या, तशी कुणी व्यक्ती असेल तर पोचवू." आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. हे वाक्य चारही माणसांना पाठ हवं. अमेरिकेत एका प्रसिद्ध क्रीडा वार्ताहर महिलेचा पाठलाग करणाऱ्याने ती कोणत्या हॉटेलात उतरली आहे हे फोन करून काढलं, तिच्या शेजारची खोली मागितली, आणि ती त्याला मिळाली. दारातल्या बाहेर पाहायच्या भोकातून त्याने तिचं चित्रीकरण केलं. २०१६ मध्ये नॅशव्हिलच्या ज्यूरीने तिला ५.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि जवळजवळ निम्मी जबाबदारी हॉटेलचे मालक आणि चालक यांच्यावर टाकली. तिथे कुठलीही यंत्रणा हॅक झाली नव्हती. कुणीतरी फोनवर मदत केली होती.

पोलिस किंवा सरकारी माणूस यादी मागायला आला तर? नकार देऊ नका, पण ओळखपत्र पाहा, मागणी कोणत्या नियमाखाली आहे ते लेखी घ्या, आणि त्या मागणीत बसेल तेवढंच द्या. देशोदेशी नियम वेगळे आहेत. लॉस एंजेलिस शहराचा नियम असा होता, की पोलिसांनी मागितली की हॉटेलने पाहुण्यांची नोंदवही लगेच दाखवायची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये तो रद्द केला, कारण त्या मागणीची आधी तटस्थ तपासणी मागण्याची संधीच हॉटेलवाल्यांना नव्हती. तुमच्याकडे कायदा काहीही असो, कुणी, कधी, काय नेलं याची एक ओळ लिहून ठेवायला कुणाची हरकत नसते.

यानंतरचा धोका मात्र खऱ्या चोरांचा आहे आणि सध्या तो सगळ्यात जोरात आहे. संकेतस्थळाच्या नावाने किंवा पाहुण्याच्या नावाने एक मेल येतो. मजकूर असा की तुमचा हात थरथरावा: घरात ढेकूण निघाले, मुलाला अ‍ॅलर्जी झाली, फोटो या दुव्यावर आहेत, किंवा तुमच्या घराविरुद्ध तक्रार आली आहे, चोवीस तासांत उत्तर द्या. दुवा उघडला की "मी रोबोट नाही" अशी खोटी चौकट येते आणि सांगते, की विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तेवढं केलं की तुम्हीच आपल्या हाताने चोरट्याचा प्रोग्राम चालू केलेला असतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये बुकिंग डॉट कॉमच्या नावाने चाललेल्या अशाच मोहिमेबद्दल सविस्तर लिहिलं होतं. ती डिसेंबर २०२४ पासून चालू होती. प्रोग्राम तुमचे पासवर्ड उचलतो, चोर तुमच्या खात्यात शिरतो आणि तिथल्या खऱ्या चॅटमधून खऱ्या पाहुण्यांना लिहितो: कार्ड पुन्हा पडताळा नाहीतर बुकिंग रद्द होईल. पाहुणा फसतो, कारण नाव, तारखा, रक्कम सगळं बरोबर असतं.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. मेलमधल्या दुव्यावरून संकेतस्थळात कधीच शिरू नका. स्वतः पत्ता टाकून किंवा अ‍ॅपमधून जा. कोणतीही पडताळणी कीबोर्डवरची बटणं दाबायला सांगत असेल तर ती पडताळणी नाही. बुकिंग सांभाळायचा संगणक वेगळा असेल तर उत्तम. आणि पाहुण्यांना पहिल्याच संदेशात लिहा: "आम्ही चॅटमधून कार्डाचे तपशील किंवा जादा पैसे कधीही मागणार नाही. असा संदेश आला तर या नंबरवर फोन करा." ही एक ओळ पाहुण्याचे पैसे वाचवू शकते.

कार्डांबद्दल फार बोलायचं कारण नाही. कार्डाचा नंबर फोनवर घेऊन वहीत लिहायची सवय असेल तर ती आजच सोडा. पैशांसाठी बँकेचा किंवा पेमेंट कंपनीचा दुवा पाठवा. पाठीमागचा तीन आकडी सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर कुठल्याही रूपात साठवायला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांची मनाई आहे, कूटबद्ध करूनसुद्धा.

आता घराकडे वळू. दोन पाहुण्यांच्या मधे आपण चादरी बदलतो, पण टीव्ही बदलत नाही. आदल्या पाहुण्याचं नेटफ्लिक्स, यूट्यूब, कधी कधी पूर्ण गूगल खातं टीव्हीत तसंच राहतं, आणि पुढच्या पाहुण्याला त्याच्या मुलांचे फोटोसुद्धा दिसू शकतात. टीव्हीला जोडायच्या रोकूसारख्या उपकरणांत पाहुण्यांसाठी वेगळा मोड असतो. त्यात निघायची तारीख दिली की खाती आपोआप बंद होतात. तुमच्या टीव्हीत तशी सोय नसेल तर सफाईच्या यादीत "टीव्ही: सगळी खाती बाहेर" ही ओळ गॅस बंद केल्याच्या ओळीखाली घाला. टीव्ही काय पाहिलं जातंय ते कंपनीला कळवण्याची सोयही अनेक संचांत असते, ती सेटिंगमध्ये बंद करा. व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून प्रेक्षकांना न सांगता अशी माहिती गोळा केली होती, म्हणून २०१७ मध्ये तिला अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

आवाजावर चालणारे स्पीकर काढून ठेवा, हे माझं स्पष्ट मत. ते बोलणं नोंदवतात, ती नोंद तुमच्या खात्यात जमा होते, आणि पाहुण्याने काय मागवलं, काय विचारलं ते तुम्हाला दिसतं. तुम्ही बघत नसाल, पण पाहुण्याला ते कसं कळणार?

वाय-फायमध्ये पाहुण्यांचं जाळं आणि तुमच्या कुलूप-कॅमेऱ्यांचं जाळं वेगळं हवं. राउटरमध्ये पाहुण्यांच्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवायची सेटिंग असते, ती चालू करा. जमेल तिथे डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत निवडा; जुन्या डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने दुसऱ्याचं उपकरण वाय-फायला जोडलं जातानाचे संकेत टिपले आहेत, तो त्या दुसऱ्याची वाय-फायवरून जाणारी माहिती उलगडू शकतो. राउटरच्या मागे चिकटवलेला प्रशासकाचा पासवर्ड बदला आणि राउटर कुलपाच्या कपाटात ठेवा, कारण टाचणी टोचली की तो मूळ स्थितीत जातो. जोडणीआधी ईमेल आणि जन्मतारीख मागणारं पान लावू नका. ती माहिती घेऊन तुम्ही करणार काय?

घरात कॅमेरा नाही म्हणजे नाही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले सगळे कॅमेरे जगभर बंद केले, आधी सांगितलेले असोत की बंद ठेवलेले. बाहेरचा कॅमेरा चालेल, पण तो कुठे आहे आणि काय दिसतं हे बुकिंगच्या आधी लिहिलेलं हवं, आणि त्याचा रोख खिडकीवर किंवा पोहण्याच्या तलावावर नको. चित्रीकरण आठवडाभराने आपोआप पुसलं जाईल असं लावा. आवाजाची पातळी मोजणारं यंत्र लावत असाल तर ते बोलणं नोंदवत नाही याची खात्री करा, बैठकीच्या खोलीतच लावा आणि तेही आधी सांगा.

कागदाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून दोन ओळी. उघडी नोंदवही, जिच्यात नवा पाहुणा वरच्या दहा जणांचे पत्ते वाचत सही करतो, ती बंद करा. एका पाहुण्याला एक पान. अभिप्रायाच्या वहीत नंबर लिहायला जागा ठेवू नका. विसरलेली वस्तू परत पाठवताना पत्ता बुकिंगच्याच चॅटमधून मागा, अनोळखी नंबरवरून आलेल्या पत्त्यावर पाठवू नका. आणि वाईट अभिप्रायाला जाहीर उत्तर देताना पाहुण्याचा व्यवसाय, आजारपण, सोबत कोण होतं असलं काहीही बाहेर काढू नका, मग तो कितीही खोटं बोलत असो. रागाच्या भरात घरमालक जेवढी माहिती उघड करतात तेवढी चोरही करत नसतील.

किती दिवस ठेवायचं? माझ्याकडची पद्धत सांगतो. दाराचा कोड निघायच्या वेळेलाच रद्द. ओळखपत्राचे तपशील सरकारला नोंद पाठवून पोच मिळाली की पुसायचे, कायदा मुदत सांगत असेल तर तेवढ्या मुदतीपुरते. स्पेनमध्ये नोंद तीन वर्षं ठेवावी लागते, दुसरीकडे वेगळं असेल. चॅट आणि फोन नंबर नुकसानीच्या दाव्याची मुदत संपेपर्यंत. एअरबीएनबीवर ती पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांची आहे, म्हणून मी महिन्याअखेरीला सगळं झाडतो. बिलं करकायदा सांगेल तितकी वर्षं, पण बिलावर नाव, तारीख, रक्कम एवढंच. पासपोर्टचा क्रमांक बिलाला लागत नाही. कॅलेंडरवर महिन्याच्या शेवटच्या दिवशी "पुसणे" अशी नोंद टाका आणि ते कुणी करायचं त्याचं नाव लिहा. हे एकदा ठरलं की त्या पाहुणीसारखं कुणी विचारलं तर उत्तर दोन वाक्यांत देता येतं, आणि खरं तर ते विचारायच्या आधीच बुकिंगच्या संदेशात लिहून टाकावं: काय घेतो, कशाला घेतो, कधी पुसतो, पुसायला सांगायचं असेल तर कुणाला सांगायचं.

इतकं करूनही काही निसटलंच तर लपवू नका आणि वेळ घालवू नका. जीडीपीआर जिथे लागू आहे तिथे पाहुण्यांना धोका असेल तर कळल्यापासून ७२ तासांत माहिती संरक्षण यंत्रणेला सांगावं लागतं. बुकिंग डॉट कॉमला नेदरलँड्समध्ये ४ लाख ७५ हजार युरोंचा दंड झाला, तो २०२१ मध्ये जाहीर झाला, आणि तो माहिती गेली म्हणून नव्हता. कळवायला २२ दिवस उशीर केला म्हणून होता. त्या प्रकरणात चोरांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या ४० हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांकडून फोनवर बोलून लॉगिन काढून घेतले होते. ४,१०९ लोकांची माहिती गेली, २८३ जणांच्या कार्डांचे तपशीलही गेले.

तुमच्या पातळीवर क्रम असा ठेवा. आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला आणि खातं जिथे जिथे उघडं आहे त्या सगळ्या उपकरणांवरून ते बाहेर काढा. मग संकेतस्थळाच्या मदत विभागाला कळवा. मग त्या काळातल्या आणि पुढच्या बुकिंगच्या पाहुण्यांना फोन करा. चॅट चोराच्या हातात असू शकते, म्हणून फोन. काय गेलं असावं, त्यांनी काय करावं आणि तुम्ही काय केलं, एवढंच बोला, सारवासारव नको. मग कायद्याने ज्यांना कळवायचं त्यांना कळवा. यासाठी लागणारे नंबर, म्हणजे संकेतस्थळांचे मदत क्रमांक, बँक, सायबर पोलिस आणि पुढच्या पंधरा दिवसांच्या पाहुण्यांचे फोन, एका कागदावर लिहून तुमच्या कुलपाच्या कपाटात ठेवा आणि दर पंधरवड्याला बदलून जुना कागद फाडून टाका. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी फोन आणि संगणक दोन्ही बंद ठेवावे लागलेले असतील.